केस राठ झाले. दोष पाण्याचा की काळाचा?

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात एक समजूत घरोघरी ऐकू येते. 'इकडे आल्यापासून केसांची पार वाट लागली. इथलं पाणीच जड आहे.' मोशी, चिखली, वाकडच्या सोसायट्यांत राहणारी गृहिणी हे म्हणते, चाकणच्या कारखान्यात पाळीने काम करणारा तरुण हे म्हणतो आणि शिक्षकांच्या खोलीतही हेच ऐकू येते. पूर्वी केस विंचरले की बसत, आता गुंता सुटत नाही. टोकांना फाटे फुटतात. पावसाळ्यात ते पिंजारल्यासारखे दिसतात. हा अनुभव खोटा नाही. प्रश्न आहे तो त्याला दिलेल्या कारणाचा.

या लेखात आम्ही त्या कारणाची तपासणी करणार आहोत. केस हा विषय वर्गात थोडा हसण्यावारी जातो. पण कारण शोधताना माणसे कुठे घसरतात हे दाखवायला इतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. साहित्य प्रत्येकाच्या डोक्यावर आहे, समजूत सर्वांना ठाऊक आहे आणि त्या समजुतीपायी घराघरांतून पैसाही खर्च होत आहे.

केस म्हणजे काळाची पट्टी

आधी केसाकडे नीट पाहू. केस डोक्याच्या त्वचेतील केशकूपात तयार होतो. तेथील पेशी जिवंत असतात, वेगाने विभागतात, केराटिन नावाच्या प्रथिनाने भरून जातात आणि वर सरकता सरकता मरतात. त्वचेबाहेर येतो तो निर्जीव धागा. त्याची जाडी सर्वसाधारणपणे मिलिमीटरच्या विसाव्या ते दहाव्या भागाएवढी असते. आतला गाभा केराटिनच्या तंतूंचा असतो आणि गंधकाच्या बंधांनी हे तंतू एकमेकांना जखडलेले असतात. बाहेरून पातळ खवल्यांचे अनेक थर, घरावर कौले रचावीत तसे एकावर एक रचलेले. खवल्यांची मोकळी कड शेंड्याकडे असते. सर्वांत वरच्या खवल्यावर एका विशिष्ट मेदाम्लाचा अतिसूक्ष्म लेप रासायनिक बंधाने चिकटलेला असतो. नव्या केसावरून पाणी ओघळते आणि फणी सरकन फिरते ती या लेपामुळे.

आता काळाचा हिशेब करू. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब केसाचे टोक पाच वर्षांपूर्वी त्वचेबाहेर आले. दिवसातून दोनदा विंचरणे धरले, तर त्या टोकावरून ३,६५० वेळा फणी फिरली आहे. आठवड्यातून एकदा न्हाणे धरले, तर ते २६० वेळा भिजून वाळले आहे. त्याच केसाचा त्वचेलगतचा सेंटिमीटर मात्र जेमतेम साठ वेळा विंचरला गेला आणि चारदा धुतला गेला. एकाच केसाच्या दोन टोकांत पाच वर्षांचे अंतर आहे.

या काळात केसाचे काय होते? ओला केस फुगतो, त्याचा व्यास पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि वाळला की पुन्हा आकसतो. दर वेळी खवल्यांच्या कडा थोड्या उचलल्या जातात. त्यावर फणी फिरली की काही तुटतात. उन्हातील अतिनील किरण गंधकाचे बंध तोडतात. साबण अल्कधर्मी असतो, तो वरचा मेदाम्लाचा लेप हळूहळू काढून टाकतो. रंग लावण्यापूर्वी केस फिकट करणारी रसायने तर तो झटक्यात काढतात. लेप गेला की पूर्वी पाणी झटकणारा केस पाणी धरू लागतो, शेजारच्या केसाशी त्याचे घर्षण वाढते आणि गुंता होतो. खवलेच उरले नाहीत, की उघडा पडलेला गाभा उभा चिरतो. त्यालाच आपण केसाला फाटे फुटले असे म्हणतो.

त्वचेला जखम झाली तर ती भरून येते, कारण तेथे जिवंत पेशी असतात. केसाची झीज भरून येत नाही, कारण दुरुस्ती करणारे तेथे कोणी नसते. तेव्हा लांब केस शेंड्याकडे राठ होत जाणे हा काळाचा परिणाम आहे. तो पाणी कसेही असले तरी होणारच. फार तर कमी-अधिक वेगाने होईल.

काळाचा दुसरा हिशेब माणसाच्या वयाचा आहे. येथे बदल शेंड्यात नव्हे, मुळाशी होतो. वयाबरोबर केशकूपच बदलतो. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर स्त्रियांचे केस हळूहळू बारीक होऊ लागतात, रजोनिवृत्तीनंतर त्वचेचे नैसर्गिक तेलही कमी होते. जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वयाबरोबर स्त्रियांच्या केसांची वक्रता वाढत असल्याचे दिसले. सरळ केस एकमेकांना समांतर बसतात, म्हणून ते चमकतात आणि विंचरता येतात. त्यांत थोडे वाकडेतिकडे केस मिसळले की ती शिस्त मोडते. जाडीचा परिणामही मोठा असतो. गोल धाग्याचा वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असतो. व्यास दहा टक्क्यांनी घटला तर हा विरोध ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९, म्हणजे सुमारे ०.६६ पट उरतो. एक तृतीयांश कमी होतो. आरशात न दिसणारा बदल हाताला जाणवतो तो यामुळे. बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.

पाण्यावरचा आरोप

आता पाण्याकडे वळू. शब्दाचा घोळ आधी मिटवला पाहिजे. लोक ज्याला 'जड पाणी' म्हणतात त्याला आपल्या पाठ्यपुस्तकांत दुष्फेन किंवा कठीण पाणी म्हणतात. भौतिकशास्त्रातील जड पाणी वेगळे. त्यात साध्या हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम असतो आणि ते अणुभट्टीत वापरतात. आपल्या बादलीतील पाणी दुष्फेन असते ते त्यात विरघळलेल्या कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे. भारतीय मानक संस्थेने २०१२ साली सुधारलेल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात दुष्फेनतेची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० मिलिग्रॅम ठेवली आहे.

पिंपरी-चिंचवडमध्ये 'इथलं पाणी' असे एकच पाणी नाही. महापालिका पवना नदीचे पाणी रावेतजवळ उचलून निगडीला शुद्ध करते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडलेला पाऊस धरणात साठून येतो, खडकाशी त्याचा सहवास थोडा असतो, म्हणून हे पाणी बरेच मृदू असते. पण शहर वाढले तसे हे पाणी पुरेनासे झाले. १९७० साली चार गावांची नगरपालिका झाली, १९८२ साली महापालिका झाली आणि १९९७ साली मोशी, चिखली, चऱ्होली, वाकड अशी भोवतालची गावे तिच्यात आली. पुढे त्याच गावांत उंच इमारती उभ्या राहिल्या. नोव्हेंबर २०१९ पासून महापालिकेने एक दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली. उरलेली गरज बोअर आणि टँकर भागवतात. बोअरचे पाणी खडकाच्या भेगांतून महिनोन्‌महिने झिरपून आलेले असते, त्यात क्षार अधिक. सोसायटीच्या टाकीत ही सारी पाणी एकत्र होतात. सोमवारी न्हायलेले पाणी आणि गुरुवारी न्हायलेले पाणी एकच असेल असे नाही. मग केस बिघडवणारे 'इथले पाणी' नेमके कोणते?

आरोपातील यापेक्षा मोठी अडचण पुढे आहे. या पट्ट्यात येणारे अनेकजण लातूर, धाराशिव, बीड, सोलापूर, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून येतात. गावाकडे त्यांनी कोणते पाणी वापरले? विहिरीचे, हापशाचे, बोअरचे. तिथला खडक कोणता? काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट. चाकणखालीही तोच बेसाल्ट आहे. दख्खनचा हा थर महाराष्ट्राच्या बहुतेक भागाखाली पसरला आहे. गावाकडच्या विहिरीचे पाणीही पुष्कळदा दुष्फेनच असते. तेथे डाळ शिजायला वेळ लागते आणि हंड्याला पांढरा थर धरतो, हे घरात सर्वांना ठाऊक असते. ज्याला आपण 'बदललेले पाणी' म्हणतो ते अनेकांच्या बाबतीत फारसे बदललेलेच नाही.

मग बदलले काय? खरे म्हणजे पुष्कळ काही. विशीतला माणूस तिशीचा झाला. आठवड्यातून एकदा शिकेकाईने न्हाणे होते, ते रोज शांपूवर आले, कारण भोसरीच्या वर्कशॉपमधला तेलाचा धूर आणि नाशिक रस्त्यावरची धूळ रोज डोक्यात बसते. दुचाकी आली, तिच्याबरोबर हेल्मेट आले. घामाने ओलसर केसांवर ते घासू लागले. पाळी गाठायची म्हणून ओले केसच विंचरून घाईने बांधले जाऊ लागले. रात्रपाळी आली, जेवणाच्या वेळा बदलल्या. कुणाला बाळंतपण झाले, कुणी केसांना रंग लावू लागले. एवढ्या गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष दिला तो एकट्या पाण्याला. कारण पाणी डोळ्यांना दिसते, बादलीला पांढरे डाग पाडते आणि त्याला दोष दिला की कुणाचे मन दुखत नाही.

यावर कोणी म्हणेल, तर्क पुरे, प्रयोग काय सांगतात? तेही पाहू. कोइमतूरच्या वैद्यकीय संशोधकांनी २०१३ साली पंधरा जणांचे केस घेऊन काही दुष्फेन पाण्यात व काही ऊर्ध्वपातित पाण्यात ठेवण्याचा प्रयोग महिनाभर केला आणि मग केसांची ताणशक्ती मोजली. सांख्यिकीच्या कसोटीवर टिकेल असा फरक त्यांना आढळला नाही. २०१८ साली पाकिस्तानातील संशोधकांनी सत्तर पुरुषांच्या केसांवर असाच प्रयोग केला. त्यांना दुष्फेन पाण्यातील केस कमी ताकदीचे आढळले. दोन्ही प्रयोग केसविज्ञानाच्या एकाच नियतकालिकात प्रसिद्ध झाले आहेत. एक लहान, एक त्याहून मोठा. दोघांची उत्तरे वेगळी. प्रामाणिक वाचकाने यातून काय घ्यावे? परिणाम असलाच तर तो इतका ठळक नाही की कोणत्याही प्रयोगात डोळ्यांत भरावा. वर्तमानपत्री पुरवण्या यांतला सोयीचा प्रयोग उचलतात, दुसऱ्याचा उल्लेखही करत नाहीत. आमचा आक्षेप या निवडीवर आहे.

पाण्याला पूर्ण निर्दोष ठरवणे हीही घाई होईल. दुष्फेन पाण्यात साबण वापरला तर कॅल्शियमचा न विरघळणारा साबण तयार होतो. तो चिकट, पांढरट साका केसांवर बसतो आणि केस हाताला राठ लागतात. अंगाच्या साबणाने डोके धुणाऱ्याची तक्रार म्हणून खरी असते. शांपूतील कृत्रिम प्रक्षालके असा साका करत नाहीत. कॅल्शियमचे आयन थेट केसालाही चिकटतात, आणि रंग लावलेल्या किंवा फिकट केलेल्या केसाला अधिक चिकटतात, कारण त्याच्यावर ऋणभारित जागा जास्त तयार झालेल्या असतात. म्हणजे पाणी आधीच झिजलेल्या केसाचा त्रास वाढवू शकते. गुन्ह्यात त्याचा हात असेल, पण सूत्रधार ते नव्हे.

विक्रेत्याचा प्रयोग

या समजुतीवर एक बाजार उभा आहे. सोसायटीच्या आवारात टेबल मांडून विक्रेता दोन प्रात्यक्षिके दाखवतो. पहिल्यात तो एक लहान मीटर पाण्यात बुडवतो आणि आकडा दाखवतो. हा मीटर पाण्याची विद्युतवाहकता मोजून एकूण विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. त्या क्षारांत मीठ किती आणि कॅल्शियम किती, हे त्याला कळत नाही. एकूण क्षार आणि दुष्फेनता या वेगळ्या गोष्टी आहेत. गंमत अशी की आयन-विनिमय पद्धतीने पाणी मृदू केले तर कॅल्शियमच्या जागी सोडियम येते आणि मीटरचा आकडा जवळजवळ तेवढाच राहतो.

दुसरे प्रात्यक्षिक अधिक नाट्यमय असते. दोन पेले, एकात नळाचे पाणी, एकात यंत्राचे. दोहोंत धातूच्या कांड्या सोडून वीज दिली की नळाचे पाणी तपकिरी, गढूळ होते. यंत्राचे स्वच्छ राहते. 'पाहा, तुमच्या डोक्यावर हे पडते!' वास्तविक ती घाण पाण्यातली नसते. कांड्यांतील लोखंड विरघळून गंजाचा गाळ होतो. यंत्राच्या पाण्यात क्षार नसल्याने वीजच वाहत नाही, म्हणून गाळ होत नाही. त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकून प्रयोग पुन्हा करायला सांगावे, तोही तपकिरी होतो. दहावीच्या विद्युत अपघटनाच्या धड्याला यासारखे उदाहरण नाही.

मग येतो शॉवरला लावायचा मुठीएवढा फिल्टर. तो पाणी मृदू करतो असे सांगितले जाते. हिशेब करू. दुष्फेनता काढणाऱ्या राळेच्या एका लिटरमागे, मिठाने पुन्हा ताजी करण्याआधी, साधारण ५० ते ६० ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटएवढे क्षार निघतात. पाण्यात लिटरला ४०० मिलिग्रॅम दुष्फेनता असेल तर एक लिटर राळ १२५ ते १५० लिटर पाणी मृदू करील. मुठीएवढ्या फिल्टरमध्ये पाव लिटर राळ मावली असे धरले तरी ३०-४० लिटर, म्हणजे दोन बादल्यांत तिचा जीव संपतो. मग सहा महिने ती काय करते? पुष्कळ फिल्टरांत तर अशी राळ नसतेच, कोळसा किंवा धातूचे कण असतात. ते क्लोरीन कमी करतील, कॅल्शियमला हात लावणार नाहीत.

'मुळांना पोषण' आणि एक चांगला प्रयोग

दुसरे स्पष्टीकरण जाहिरातींचे. केस राठ झाले कारण मुळांना पोषण नाही. अमुक तेल लावा, ते मुळांत जाऊन पोषण देईल. यात दोन वेगळ्या जागांची सरमिसळ आहे. झीज होते शेंड्याला आणि औषध सांगतात मुळाला. केशकूपाला अन्न मिळते ते रक्तातून. बाहेर आलेल्या केसात रक्तवाहिनी नाही, त्यामुळे त्याला पोषण देणे हा शब्दप्रयोगच निरर्थक ठरतो.

म्हणून तेल निरुपयोगी आहे का? नाही. मुंबईच्या मॅरिको कंपनीच्या संशोधन विभागातील आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल व खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतून किती प्रथिन निघून जाते, हे त्यांनी मोजले. तिघांपैकी खोबरेलानेच प्रथिनाचा ऱ्हास ठळकपणे कमी केला, मग ते न्हाण्याआधी लावलेले असो की नंतर. त्यांनी दिलेले कारणही पटण्याजोगे आहे. खोबरेलातील लॉरिक आम्लाची साखळी आखूड व सरळ असते, तिला प्रथिनाची ओढ असते, म्हणून ती केसाच्या आत शिरते. सूर्यफुलाच्या तेलातील रेणू दुहेरी बंधांमुळे वाकडे, पसरट. खनिज तेलाला प्रथिनाची ओढच नाही. आत शिरलेले तेल केसाला पाण्याने फुगू देत नाही, त्यामुळे खवले कमी उचलले जातात.

ही कंपनी खोबरेल विकते, हे वाचकाने लक्षात ठेवावे. पण तेवढ्यावरून प्रयोग खोटा ठरत नाही. संशोधकांनी मोजण्याजोगी गोष्ट मोजली, तुलना ठेवली, पद्धत उघड केली. दुसऱ्या कोणालाही ती तपासता येईल. आमची टीका वेगळ्या ठिकाणी आहे. कापलेल्या केसांच्या बटांवर सिद्ध झालेली गोष्ट एवढीच की खोबरेल झीज कमी करते. केस वाढतात, दाट होतात, पांढरे होत नाहीत, असे त्यातून काहीही निघत नाही. आजीने न्हाण्याआधी तेल चोपडले ते बरोबर होते. 'तेलाने केस वाढतात' हे तिचे कारण मात्र त्या प्रयोगाने सिद्ध होत नाही. कृती बरोबर आणि कारण चूक, असे लोकज्ञानात वरचेवर घडते. दोन्ही वेगळे करून दाखवणे हे शिक्षकाचे काम.

वर्गातले अर्धे वाक्य

तिसरे स्पष्टीकरण आपल्याच वर्गात मिळते. 'केस आणि नखे मृत पेशींची बनलेली असतात, म्हणून कापताना दुखत नाही.' वाक्य बरोबर आहे, पण ते तेथेच थांबते. विद्यार्थ्याच्या मनात दोन प्रश्न उरतात. मृत असेल तर ते वाढते कसे? आणि मृत असेल तर ते बिघडते कसे? पहिल्याचे उत्तर मुळात आहे, दुसऱ्याचे शेंड्यात. ही दोन उत्तरे वर्गात मिळाली नाहीत की ती जागा जाहिरात भरून काढते. 'निर्जीव केसांत जीव ओता' हे घोषवाक्य त्या अर्ध्या वाक्याचेच अपत्य आहे.

मूळ आणि शेंडा हा भेद पक्का झाला तर निदानही जमते. केस फक्त टोकाकडे राठ असतील आणि त्वचेजवळ मऊ असतील, तर ती झीज आहे. टोके कापावीत, ओले केस विंचरू नयेत, विंचरायचेच तर मोठ्या दातांच्या फणीने शेंड्याकडून सुरुवात करावी. पण त्वचेलगत नव्याने येणारे केसच बारीक, विरळ किंवा वेगळे असतील, तर कारण शरीरात शोधायला हवे. वय, आनुवंशिकता, थायरॉइडचा विकार, मोठे आजारपण, लोहाची कमतरता. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. ज्या घरात शॉवरच्या फिल्टरसाठी दोन हजार रुपये निघतात आणि मुलीचे हिमोग्लोबिन तपासायचे राहून जाते, तेथे चुकीच्या स्पष्टीकरणाची खरी किंमत मोजली जाते.

शेगावचा धडा

पाण्यावर चटकन बोट ठेवण्याचे एक ताजे उदाहरण आपल्याच राज्यात घडले. डिसेंबर २०२४ च्या अखेरीपासून बुलढाणा जिल्ह्यात शेगाव तालुक्यातील व आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले. काही दिवसांत टक्कल पडू लागले. बातम्या आल्या तेव्हा पहिला संशय पाण्यावर गेला. नमुने तपासले गेले, क्षार आणि नायट्रेट अधिक असल्याचे सांगण्यात आले. बुरशीची शंकाही घेतली गेली. पण तेथील बोअरचे पाणी त्या महिन्यातच क्षारयुक्त झाले नव्हते. जे वर्षानुवर्षे आहे ते एकाएकी घडलेल्या गोष्टीचे कारण कसे होईल, हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची पथके आली. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी गावांत जाऊन रक्त, लघवी, केस आणि रेशनचा गहू यांचे नमुने तपासून घेतले. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांनी आपला निष्कर्ष मांडला: रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले, जस्त कमी झालेले, आणि रेशनच्या गव्हात स्थानिक गव्हाच्या कित्येक पट सेलेनियम.

हा मुळाशी झालेला घाव होता. चाकणच्या तक्रारीशी त्याची तुलना करता येणार नाही, कारण तेथे केस गळले आणि येथे राठ होतात. पण विचाराची पद्धत तीच लागते. काय बदलले, केव्हा बदलले, कोणाला बाधले आणि कोणाला नाही? डॉक्टर गावात गेले, ताटातले अन्न पाहिले, म्हणून धागा सापडला. 'पाणी खराब' एवढ्यावर सारे थांबले असते तर लोक तोच गहू खात राहिले असते.

वर्गात करून पाहा

पहिला प्रयोग. मुळासकट निघालेला एक लांब केस घ्या. अंगठा व तर्जनीत धरून बोटे केसाच्या लांबीच्या दिशेने पुढे-मागे घासा. केस एकाच दिशेने, मूळ पुढे करून, सरकत जाईल. खवल्यांची कड शेंड्याकडे असल्याने उलट दिशेला घर्षण अधिक होते, त्याचा हा पुरावा. सूक्ष्मदर्शकाशिवाय खवले 'दिसतात'.

दुसरा. पावसाचे, महापालिकेच्या नळाचे, बोअरचे आणि टँकरचे पाणी सारख्या बाटल्यांत वीस-वीस मिलिलिटर घ्या. साबणाचे द्रावण थेंबाथेंबाने घालून हलवा आणि फेस दोन मिनिटे टिकेपर्यंत किती थेंब लागले ते मोजा. बोअरचे पाणी उकळून, गार करून, गाळून पुन्हा मोजा. मग साबणाऐवजी पातळ केलेला शांपू घेऊन हेच करा. साबणाच्या व शांपूच्या आकड्यांतील फरक बोलका असेल.

तिसरा प्रयोग महिनाभराचा. एकाच व्यक्तीच्या, रंग न लावलेल्या, कापलेल्या केसांच्या चार सारख्या जुड्या तिच्या परवानगीने घ्या. दोन पावसाच्या पाण्यात, दोन बोअरच्या पाण्यात, तोच शांपू तेवढाच वापरून वीस वेळा धुवा. खुणेच्या चिठ्ठ्या फक्त शिक्षकाजवळ ठेवा. तीस विद्यार्थ्यांनी डोळे झाकून, एकमेकांशी न बोलता, प्रत्येक जोडीतील राठ जुडी निवडावी. नुसत्या अंदाजाने सुमारे पंधराजण बोअरची जुडी निवडतील. सतरा-अठरा आले तर हुरळून जाऊ नये. वीस किंवा अधिक आले, तर ते केवळ योगायोगाने होण्याची शक्यता सुमारे पाच टक्के आहे. दोन्ही जोड्यांत तसेच आले तर आरोपात तथ्य आहे असे धरायला जागा होईल. प्रयोग डोक्यावरच्या केसांवर मात्र करू नये.

निकाल कोणत्याही बाजूने लागो, तो फळ्यावर लिहावा. खाली पाण्याचा स्रोत, शांपूचे प्रमाण, धुण्याची संख्या आणि निवड करणाऱ्यांची संख्या लिहावी. शेजारच्या शाळेने हाच प्रयोग तिच्या बोअरच्या पाण्यावर करावा. मोशी, भोसरी आणि चाकणच्या तीन शाळांचे आकडे शेजारी ठेवले, तर या पट्ट्याच्या पाण्याबद्दल आणि केसांबद्दल सोसायटीच्या आवारातल्या टेबलापेक्षा अधिक भरवशाचे काही सांगता येईल.